कलेला वेस आहे काय?

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे गाणीं बसविण्याची, नाच बसविण्याची आणि नाट्यप्रवेशांच्या तालमींची एकच धांदल उडते. त्याच सुमारास, एरव्हीं सहसा न निघणारा एक प्रश्न घरोघरीं निघूं लागतो. एका घरचे वडील म्हणतात, “मुलानें व्हायोलिन कशाला शिकावें? तें साहेबाचें वाद्य!” दुसऱ्या घरीं आई विचारते, “आपण ख्रिस्ती; आपल्या मुलीनें अभंग कां म्हणावा?” तिसऱ्या घरच्या आजीबाईंना वाटतें, “भरतनाट्यम् तिकडे मद्रासचें. आपल्या मुलींना फुगडी आणि झिम्मा काय थोडा झाला?” आणि चित्रपटांतील गाण्याचें नांव निघालें कीं हीं तिन्ही घरें एका सुरांत सांगतात कीं, तें तर कोणाचेंच नव्हे!

ह्या बोलण्याला हंसण्याचें कारण नाहीं. त्याच्या मुळाशीं एक खरी काळजी आहे. जें मूल आपल्या आजीची ओवी विसरलें, ज्याला आपल्या गांवचा ढोल ओळखूं येत नाहीं, तें जगाच्या बाजारांत केवळ गिऱ्हाईक होऊन राहील, अशी ती काळजी. ती रास्त आहे. परंतु काळजी रास्त असली म्हणजे तिच्यावरचा उपायहि रास्तच असतो, असें नव्हे. कलेभोंवतीं वेस बांधून तिचें रक्षण होतें काय, आणि ती वेस बांधावयाची तर कोठें, याचा थोडा विचार आपण उदाहरणें घेऊनच करूं.

प्रथम आपल्या सर्वांच्या परिचयाची पेटी घ्या. भजनाला पेटी हवी, कीर्तनाला हवी, कव्वालीला हवी, गुरुद्वारांतील शबदांना हवी, आणि आपल्या प्रार्थनामंदिरांतील गीतांनाहि हवी. खेड्यांतील भजनी मंडळाला जर कोणी जाऊन सांगितलें कीं, तुमची पेटी परदेशी आहे, तर तें त्याला वेड्यांतच काढील. तथापि गोष्ट खरी आहे. १८४० च्या सुमारास पॅरिस येथें अलेक्सांद्र दबँ नांवाच्या कारागिरानें हें वाद्य सिद्ध केलें. तें खुर्चीवर बसून, पायांनीं भाता चालवून, दोन्ही हातांनीं वाजवावयाचें होतें. कारण पाश्चात्य संगीतांत अनेक स्वर एकाच वेळीं एकमेकांशीं जुळवून वाजवावे लागतात. आपला गवई बसतो जमिनीवर, आणि त्याला साथ हवी ती एकाच स्वरमालिकेची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास ही गरज ओळखून, एका हातानें भाता हलवावयाचा व दुसऱ्या हातानें सूर वाजवावयाचे, अशी हातपेटी तयार केली. पुढें मराठी संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन यांनीं ठाण मांडलें, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं पेटीला मैफलींत मानाची जागा मिळवून दिली. पाहुणी म्हणून आलेली ही पेटी घरची सून होऊन बसली.

पण सुनेला छळहि सोसावा लागला. १९४० च्या मार्च महिन्यापासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें. रवींद्रनाथ टागोरांसारखे थोर पुरुषहि पेटीच्या विरुद्ध होते. ही बंदी थोडीथोडकी नव्हे, तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. १९७१ सालीं ती अंशतः शिथिल झाली. विरोधकांचें म्हणणें दुहेरी होतें. एक असें कीं, पेटीचे सूर ठरीव. दोन पट्ट्यांच्या मधली श्रुति तिच्यांत सांपडत नाहीं आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढतां येत नाहीं. हा आक्षेप कलेच्या दृष्टीनें अगदीं खरा आहे, आणि गाणें शिकणाऱ्या प्रत्येकानें तो लक्षांत ठेवावा. दुसरें म्हणणें असें कीं, ही परकी आहे, म्हणून नको. आणि मौज अशी कीं, बंदी घातली गेली त्या वेळीं रेडिओ खात्याचे प्रमुख लायनेल फील्डन हे स्वतः इंग्रज होते!

पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याचा एक मार्ग आपल्याच प्रांतांत त्यापूर्वीं चोखाळला गेला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० सालीं त्यावर ग्रंथ लिहिला, आणि क्लेमंट्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्यानें श्रुति दाखविणारी निराळी पेटी बनवून घेतली. ती पेटी घरोघरीं गेली नाहीं, हें खरें. परंतु दोष दिसला असतां वाद्याला दार बंद न करतां त्याच्यावर मेहनत घ्यावी, हा धडा त्या उद्योगांत आहे. बंदीनें मात्र काय साधलें? पेटी घराघरांतून गेली नाहीं. गेली ती फक्त कित्येक साथीदारांची आकाशवाणीवरील हक्काची जागा. वाद्याच्या दोषावर बोट ठेवणें ही रसिकता. त्याच्या जन्मगांवावर बोट ठेवणें ही निव्वळ शिवाशीव.

आतां व्हायोलिन आणि भरतनाट्यम् यांकडे वळूं. त्यासाठीं आपणांस तंजावरास जावें लागेल. पण तेथेंहि आपण परक्या घरीं जात नाहीं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं तेथें राज्य स्थापिलें, आणि तमिळ मुलुखांत जवळजवळ पावणेदोनशें वर्षें भोंसल्यांचा दरबार भरत राहिला. त्यांतील दुसरे सरफोजीराजे यांनीं १७९८ पासून १८३२ पर्यंत राज्य केलें. त्यांच्या बालपणीं त्यांचा सांभाळ आणि शिक्षण यांची काळजी वाहिली ती ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानें. शिष्यानें आपला धर्म सोडला नाहीं आणि गुरूनें आपला स्नेह सोडला नाहीं. गुरु निवर्तल्यावर सरफोजींनीं त्यांच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलें. तें तंजावरच्या चर्चमध्यें आहे.

ह्याच राजाच्या आश्रयास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे बंधु होते. आज भरतनाट्यम् शिकणारी मुलगी अलारिप्पूपासून आरंभ करून जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् असें करीत तिल्लान्यापर्यंत जाते, तो क्रम घालून देण्याचें श्रेय ह्या चार बंधूंकडे जातें. त्या दरबारची बोली मराठी होती, आणि स्वतः सरफोजीराजांच्या नांवावर नृत्याकरितां केलेल्या मराठी रचना आहेत. तेव्हां “हें तिकडचें” असें म्हणणाऱ्या आजीबाईंना नम्रपणें सांगावेसें वाटतें कीं, त्या नृत्याच्या पाळण्याची एक दोरी मराठी हातांनींहि ओढलेली आहे. दोरी ओढली म्हणून मूल आपलें झालें, असा हक्क मात्र आपण सांगूं नये. मूल तमिळ मातेचेंच, आपण आप्त.

आणि व्हायोलिन? कर्नाटक संगीतांतील थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधु बाळुस्वामी मद्रासेस युरोपीय वादकापाशीं हें वाद्य शिकले. वर सांगितलेल्या चौघांपैकीं वडिवेलु हेहि त्यांत निष्णात झाले. त्रावणकोरच्या स्वाति तिरुनाळ महाराजांनीं १८३४ सालीं त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविलें. युरोपांत हें वाद्य उभें राहून, हनुवटीखालीं धरून वाजवितात. दक्षिणेंतील वादकानें मांडी घातली, वाद्याचें एक टोंक छातीशीं टेकविलें, दुसरें पावलावर ठेविलें, आणि डावा हात मोकळा करून घेतला. त्यामुळें गमक आणि मींड मनसोक्त काढतां येऊं लागली. जें पेटीला साधत नव्हतें तें ह्या दुसऱ्या पाहुण्याला उत्तम साधलें. आज कर्नाटक गायनाची मैफल व्हायोलिनवांचून बहुधा बसतच नाहीं. वाद्य साहेबाचें खरें. पण बसावयाची रीत बदलली, बोटें निराळीं फिरलीं, पिढ्यान्‌पिढ्या घाम गळला, तेव्हां तें आपलें झालें. केवळ विकत आणल्यानें तें कोणाचेंच झालें नसतें.

आतां दुसऱ्या घरच्या आईंचा प्रश्न. ख्रिस्ती मुलीनें अभंग म्हणावा काय? ह्याला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याच समाजांतील दोन पुरुषांना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले. त्यांनीं ख्रिस्ताचें चरित्र लिहावयास घेतलें तें आपल्या मायबोलींत नव्हे, तर मराठींत. आणि वृत्त घेतलें तें ज्ञानेश्वर-एकनाथांनीं नांवारूपास आणलेल्या ओवीचें. त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील राशोल येथें छापलें गेलें. अकरा हजारांच्या घरांत ओव्या असलेला हा ग्रंथ भाविकांच्या मेळ्यांतून वाचला आणि गाइला जाई. त्यांत ग्रंथकर्त्यानें मराठी भाषेची जी मुक्तकंठानें स्तुति केली आहे, तशी जन्मानें मराठी असलेल्यांनींहि क्वचितच केली असेल.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळीं मराठी ख्रिस्ती उपासनेंत इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ असत. शब्द मराठी, पण श्वास परका. टिळकांनीं भजन, अभंग आणि कीर्तन हीं उपासनेंत आणलीं. धर्म बदलला म्हणून आपली भाषा, आपला ताल, आपली वीणा टाकून द्यावी लागते, हें त्यांना मान्य नव्हतें. त्यांचीं कितीतरी गीतें उपासनासंगीतांत आजहि गाइलीं जातात. इंग्रजानें ओवी उचलली आणि ब्राह्मणकुळांत जन्मलेल्या ख्रिस्ती कवीनें अभंग सोडला नाहीं. दोघांनींहि ओवी-अभंगाला आपल्या श्रद्धेचा आशय दिला, पण दोघांनींहि आधीं त्याचा रीतसर अभ्यास केला. तेव्हां त्या आईंनीं मुलीला अभंग अवश्य म्हणूं द्यावा. एवढेंच पाहावें कीं, ती तो अर्थ समजून आणि आदरानें म्हणते कीं नाहीं.

राहिला चित्रपट. तो तर अवघा पाश्चात्य यंत्राचा खेळ! परंतु त्याचीहि कथा ऐकण्यासारखी आहे. १९१० च्या सुमारास मुंबईंत धुंडिराज गोविंद फाळके यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूक चित्रपट पाहिला. तो पाहतां पाहतां त्यांच्या डोळ्यांपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि आपल्या देशांतील कथा अशाच पडद्यावर कां येऊं नयेत, ह्या ध्यासानें त्यांना घेरलें. १९१२ सालीं ते विलायतेस गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. परक्या देशाच्या चित्रानें त्यांची श्रद्धा हिरावून घेतली नाहीं. उलट तिला नवा डोळा दिला. पुढें १९३६ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें ‘संत तुकाराम’ काढला, आणि दुसऱ्याच वर्षीं इटलींतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. यंत्र तिकडून आलें, आणि देहूचा वाणी त्यावर बसून तिकडे गेला!

येथवर वाचून कोणी म्हणेल, “मग सर्वच गोड आहे, घ्यावें, द्यावें, वेस म्हणून नकोच.” मला तसें म्हणावयाचें नाहीं. एक वेस आहे, आणि ती ओलांडली असतां खरोखरच पाप लागतें. ती म्हणजे घेतल्याचें नांव न घेणें.

चित्रपटसंगीताचेंच पाहा. गोव्याच्या गांवोगांवीं चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचावयास आणि वाद्य वाजवावयास शिकवीत असत. तेथून मुंबईस आलेल्या वादकांनीं आणि संयोजकांनीं हिंदी चित्रपटांतील असंख्य गाण्यांचा वाद्यमेळ सजविला. पडद्यावर नांव येई संगीत दिग्दर्शकाचें, ह्यांचें क्वचितच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीं एक. १९५८ सालीं त्यांनीं मुंबईंत भारतीय रागांवर आधारलेली आणि मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदानें वाजविलेली रचना सादर करण्याचा मोठा प्रयोग केला. १९७७ सालच्या एका चित्रपटांतील गाण्यांत त्यांचें नांव आलें, आणि तें देशभर मुलांच्याहि ओठीं बसलें. नांव सर्वांना ठाऊक. पण तें एका खऱ्या माणसाचें, एका खऱ्या गुरूचें आहे, हें किती जणांना ठाऊक होतें?

याहूनहि कठीण वेशी आपण आपल्याच गांवांत घातल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रांत तारामतीचें काम एका पुरुषास करावें लागलें, कारण त्या कामास एकहि स्त्री पुढें येण्यास धजली नाहीं. भरतनाट्यम् आज प्रतिष्ठित घरांतील मुली शिकतात. पण तें पिढ्यान्‌पिढ्या जपलें तें देवळाला वाहिलेल्या स्त्रियांनीं आणि त्यांच्या गुरुजनांनीं. मुली देवाला वाहण्याची चाल मद्रास प्रांतांत १९४७ च्या कायद्यानें बंद केली, हें योग्यच झालें. परंतु चालीबरोबर त्या स्त्रियांचाहि विसर पडूं लागला, हें योग्य झालें नाहीं. त्यांच्याच घराण्यांतील बालसरस्वती यांनीं १९८४ सालीं देहावसान होईपर्यंत आपली विद्या ताठ मानेनें जगापुढें मांडली, म्हणून ती स्मृति पुसली गेली नाहीं.

आपल्या गोव्यांतहि असेंच. केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचा जन्म कलावंत समाजांतला. म्हणजे ज्यांचें गाणें सर्वांना हवें, पण ज्यांच्याशीं सोयरीक कोणासच नको, अशा समाजांतला. त्यांनीं अल्लादियाखांसाहेबांपाशीं वर्षानुवर्षें तालीम घेतली. हिंदु शिष्या, मुसलमान गुरु. मध्यें वेस आली नाहीं, आली ती फक्त मेहनत. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर हीं दोन याने आकाशांत सोडलीं, तेव्हां मानवजातीची ओळख म्हणून त्यांबरोबर दिलेल्या ध्वनिमुद्रिकेंत केसरबाईंची भैरवी घातली. त्यांतील पहिलें यान २०१२ सालीं सूर्याच्या वाऱ्याचीहि हद्द ओलांडून पलीकडे गेलें. ज्या स्त्रीला गांवानें पंक्तीस बसविलें नसतें, तिच्या मुखानें पृथ्वी आकाशाशीं बोलते आहे. वेशी कोण घालतो आणि त्या किती टिकतात, हें समजण्यास याहून अधिक काय सांगावें?

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, कला कोठें जन्मली यावरून ती आपली कीं परकी हें ठरवूं नका. ती आपण किती श्रमानें आत्मसात केली, यावरून ठरवा. तीन दिवसांत पडद्यावरील नाचाची नक्कल करून रंगमंचावर चढणें म्हणजे देवाणघेवाण नव्हे, ती उसनवारी. त्यापेक्षां एकच गाणें घ्या, मग तें आजीची ओवी असो कीं जर्मन प्रार्थनागीत असो, आणि वर्षभर त्याच्यावर मेहनत करा. ओवी येत असेल तर व्हायोलिन तिला बाधणार नाहीं. ओवी येत नसेल, तर व्हायोलिन बंद केल्यानें ती येणार नाहीं. ती आजीजवळ बसल्यानेंच येईल.

पालकांस विनंति इतकीच कीं, धर्म, जात किंवा मुलगी आहे म्हणून कोणत्याहि मुलाला कोणत्याहि गाण्या-नाचांतून मागें ओढूं नये. मुलाला न आवडणारें त्याच्यावर लादूं नये, पण आवडणारें हिरावून घेऊं नये.

आणि एक सूचना शाळेस. पुढील संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेंत प्रत्येक गाण्या-नाचाच्या खालीं दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात. चाल कोणाची, नाचाची परंपरा कोणाची, शिकविलें कोणी, ढोलकीवर किंवा पेटीवर साथ कोणाची, हें तेथें मुलांनीं स्वतः शोधून लिहावें. कांहीं नांवें सांपडणार नाहींत. त्या ठिकाणीं ‘अज्ञात’ असें लिहावें, म्हणजे कोणीतरी होतें एवढें तरी कळेल. ह्या लहानशा कामांतून मुलें जें शिकतील तें केवळ गाण्यापुरतें राहणार नाहीं. आपल्या ताटांतील प्रत्येक घांस कोणाच्या तरी शेतांतून आला आहे, हें ज्याला कळलें, तो जेवतांना नम्र होतो आणि वाढतांना उदार होतो. कलेच्या बाबतींतहि आपण तसेंच व्हावें, अशी देवापाशीं प्रार्थना आहे.